टाकीतल्यांना उपाशी ठेवा

१

तळं पांढरं झालं होतं.

सकाळी तळ्याचा राखणदार जाळं खांद्यावर टाकून काठाशी आला आणि जाळं तिथेच गळून पडलं. मासेच मासे! लहान, मोठे, सगळे पोट वर करून. त्याने आधी डोळे चोळले, मग मटकन खाली बसला, आणि मग असा काही ओरडला की कारखान्यातले कामगार हातातलं काम टाकून फाटकाबाहेर धावले.

कारखाना प्लायवूडचा गोंद बनवायचा. गोंद म्हटला की फिनॉल आलं, आणि फिनॉल म्हटलं की विष आलं. पण या कारखान्याची तऱ्हाच न्यारी होती. त्याचं विषारी पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत जायचं. टाकीत होते जिवाणू, आणि ते जिवाणू ते विष खायचे. हो, खायचे! तुम्ही-आम्ही जेवतो तसे. टाकीतून बाहेर पडणारं पाणी इतकं स्वच्छ असायचं, की त्यावर हे तळं भरलं होतं आणि तळ्यात मासे पाळले होते. पाहुणे आले की मालक त्यांना आधी तळं दाखवायचे आणि मग कारखाना.

त्याच तळ्यावर आता इस्पितळाच्या फरशीचा वास येत होता. म्हणजे फिनॉलचा.

"टाकी मेली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

टाकी सूनबाईच्या ताब्यात होती. सूनबाई ही कारखान्याची रसायनतज्ज्ञ. चांगली शिकलेली, पण तिला पदवीने कोणी हाक मारायचं नाही. तिच्याआधी टाकी सांभाळायचे ते तिचे सासरे, आबा. म्हणून ती साऱ्या कारखान्याची सूनबाई. टाकीभोवती जाळीचं कुंपण होतं, त्याला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली एकट्या सूनबाईकडे होती.

मालकांना तेवढं पुरे झालं. त्यांनी तिला ऑफिसमागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. संध्याकाळी पोलीस येणार होते. मग सूनबाई जी आत जाणार, ती कधी बाहेर येणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात जलखात्याची गाडी फाटकात शिरली आणि तिच्यातून नाकवाली मावशी उतरली.

२

खात्यात सगळे तिला पाठीमागे याच नावाने ओळखायचे, आणि तोंडावर 'मॅडम' म्हणायचे. पाण्याची बाटली उघडून नुसती नाकाखाली धरली की आत काय आहे ते ती सांगायची. यंत्रं तेच सांगायला दुसरा दिवस लावायची. लग्न झालं आणि महिन्याभरात तिच्या नवऱ्याची सिगारेट सुटली होती. "सुटली कसली, सोडावी लागली," असं तो बिचारा सांगायचा.

पण तळं पाहिलं आणि मावशी जागीच थांबली. घाणेरडं पाणी तिने नोकरीत ढिगानं पाहिलं होतं. या तळ्याचं पाणी मात्र मागच्या तपासणीत तिने स्वतः ओंजळीत घेऊन हुंगलं होतं आणि शाबास म्हटलं होतं.

राखणदार काठावर बसून होता. त्याच्या मांडीवर हातभर लांब मासा होता.

"हा माझ्या हातून खायचा, मॅडम," तो म्हणाला. "हाक मारली की यायचा. लोक हसायचे मला."

"एका रात्रीत झालं हे?"

"मेले एका रात्रीत. पण कितीतरी दिवस हे वर येऊन तोंडं उघडत होते. मी म्हटलं, उकडत असेल. अक्कल गहाण टाकली होती मी!" त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

म्हणजे कोणी एकदाच काही ओतून पसार झालं, असं नव्हतं. विष हळूहळू वाढत आलं होतं. मावशी ते मनात घोळवत टाकीकडे निघाली.

कुंपणापाशी पहारेकरी उभा होता.

"इतक्यात बाहेरचं कोण आलं होतं इथे?"

"छे हो! चिटपाखरू नाही. किल्लीशिवाय येणार कसं? आणि मी काय झोपा काढतो का इथे?"

टाकीच्या लोखंडी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर आबा बसले होते. निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले असतील, पण अंगात अजून कारखान्याचाच खाकी सदरा होता. मावशीला पाहून ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

"मॅडम, ज्याने कोणी हे केलं ना, त्याचे हात झडतील! मुकी लेकरं हो ती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ओढ्यातला गाळ आणून वाढवली मी त्यांना. आणि माझ्या सुनेला कोंडलंय! ती? जिला झुरळ मारवत नाही ती? तुम्ही शोधा त्या मेल्याला. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय."

"शोधते, आबा," मावशी म्हणाली. म्हातारा इतका रडत होता की तिला पुढे काही विचारवेना.

ती जिना चढू लागली. मधल्या एका पायरीला तिची चप्पल चिकटली आणि सुटताना चर्र आवाज झाला. मावशीने खाली वाकून पाहिलं. जाळीच्या कुंपणापासून थेट टाकीच्या काठापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. विषाच्या टाकीकडे मुंग्या? तिने नाक पुढे केलं. वर फिनॉलचा उग्र वास होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, आंबलेला.

ती आणखी वाकणार, एवढ्यात खालून कोणीतरी खेकसलं, "बाजूला व्हा, मॅडम! पावडर ओतायचीय!"

३

घाईसाहेब होते ते. कारखान्याचे उत्पादनप्रमुख. हा माणूस चहासुद्धा उभ्याने प्यायचा आणि वाक्यं अर्धी टाकायचा. त्यांच्यामागे दोन कामगार ब्लीचिंग पावडरची पोती घेऊन उभे होते.

"टाकी मेली. सडतेय. धुवायची, नवे जिवाणू आणायचे. मालकांचा हुकूम. वेळ नाही."

"एक पोतं जरी सुटलं, तरी पोलिसांच्या गाडीत पहिले तुम्ही बसाल," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला की खात्यातले शिपाईसुद्धा भिंतीला लागायचे. कामगारांनी पोती मुकाट खाली ठेवली.

"आता उभ्याउभ्याच सांगा. मोठी ऑर्डर होती ना तुमची? टाकीला झेपणार नाही इतकं विष सोडलंत का?"

घाईसाहेबांचा चेहरा उतरला. "सोडणार होतो. सूनबाईने अडवलं. झडप बंद करून त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, माझ्या टाकीला अजीर्ण होईल. भांडलो मी. वाट्टेल ते बोललो. पण सोडलं नाही, आईशप्पथ!"

मावशीने टाकीत शिरणाऱ्या पाण्याची बाटली भरली आणि हुंगली. मग पेटीतल्या औषधाने तपासलीही, कारण आईच्या शपथा तिने आयुष्यात फार ऐकल्या होत्या. पाणी नेहमीइतकंच विषारी होतं, काकणभरही जास्त नाही. घाईसाहेब उर्मट होते, पण खोटे नव्हते.

मग टाकीत शिरताना सगळं ठीक, आणि निघताना विष जसंच्या तसं. मधल्यामध्ये जिवाणूंना कोणी मारलं? आणि कशाने?

टाकीशेजारच्या खोलीत मावशीने आपला सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. मनाची तयारी तिने केली होती, आत मसणवटा दिसणार याची.

तिने डोळा बाजूला केला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

काचेवर झुंबड उडाली होती. वळवळणारे, पळणारे, एकमेकांना ढकलणारे जिवाणू, मागच्या तपासणीत तिने पाहिले होते त्याच्या कितीतरी पट. सगळे धडधाकट, तुकतुकीत. एवढे खाणारे पंगतीला बसलेत आणि पान जसंच्या तसं भरलेलं? असं कुठे असतं का!

ज्या खुनासाठी सूनबाईला कोंडलं होतं, तो खून झालाच नव्हता.

४

"कडी काढा," मावशी मालकांना म्हणाली.

"मॅडम, किल्ली तिची, जबाबदारी तिची. आणि सकाळपासून एक अक्षर बोलत नाही ती! निर्दोष माणूस आकांत करतो की नाही?"

"कडी काढा म्हटलं ना. हा कारखाना आहे की कोठडी?"

मालकांनी कडी काढली. मावशी एकटीच आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

सूनबाई खुर्चीत ताठ बसली होती. डोळे सुजलेले होते, पण आता कोरडे होते. मावशीला बघताच तिने पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल नव्हता.

"टाकीत पावडर टाकली का हो त्यांनी?"

"नाही. मी थांबवलं."

सूनबाईने इतका लांब श्वास सोडला की खुर्ची करकरली. "मग ऐका, मॅडम. हवेचा पंप बंद करू देऊ नका. कारखान्याचं पाणी थोडे दिवस बाहेरच अडवा. आणि टाकीत कोणाला काही घालू देऊ नका. काहीसुद्धा नाही. त्यांना उपाशी ठेवा. आपोआप ताळ्यावर येतील."

"तुला गं कसं ठाऊक?"

सूनबाईने नजर खिडकीकडे वळवली.

"किल्ली कुठे ठेवतेस तू?"

"माझ्याजवळ."

"झोपताना पण?"

"...घरी असते. दाराशी खिळा आहे, त्याला."

"आणि घरी कोण कोण असतं, बाळ?"

सूनबाईच्या ओठांचा चंबू झाला, लहान मुलाचा रडण्याआधी होतो तसा. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि मावशीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मॅडम, मीच केलं असं लिहा. मी सही करते."

५

मावशीने उठून दाराला आतून कडी घातली.

"सही नंतर. आधी मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग. अख्खा कारखाना म्हणतोय टाकी मेली. तू एकटीच म्हणतेस, उपाशी ठेवा. मेलेल्याला कोणी उपाशी ठेवतं का गं? म्हणजे ते जिवंत आहेत हे तुला माहीत होतं, आणि तेही या खोलीत बसून, टाकी न बघता. त्यांचं पोट कशाने भरलंय हेही माहीत होतं."

सूनबाईने मान खाली घातली.

"ते विष खातात ते काही आवडीने नाही. दुसरं काही मिळत नाही म्हणून. पोरांपुढे खाऊ ठेवल्यावर भाजीला कोण हात लावतं? तसं झालंय. टाकीत कोणीतरी साखर घातली. एकदा नाही, बरेच दिवस. रोज थोडी जास्त. हे बसले ती चापत, टाकीतली हवाही संपवून टाकली, आणि विष गेलं तसंच पुढे तळ्यात. म्हणून मासे आधी वर येऊन तोंडं उघडत होते. पायरी चिकट आहे. मुंग्या लागल्यात. आंबूस वास येतोय. वैर करायला आलेल्याने साखर कशाला आणली असती? पावडरची पोती कोठारात पडलीच आहेत की. साखर घालणारा वैरी नव्हता. त्याची त्यांच्यावर माया होती."

"मॅडम, नका ना..."

"आणि पहारेकरी म्हणतो, बाहेरचं कोणी आलं नाही. खरंच सांगतोय तो. त्याच्या लेखी आबा बाहेरचे कधी झालेच नाहीत."

सूनबाईचा बांध फुटला. ती ओंजळीत तोंड खुपसून रडली, आणि रडतारडताच बोलू लागली.

समोर शीतपेयाचा कारखाना होता. तिथे नासका, जुना झालेला साखरेचा पाक फेकून द्यायचे. आबा सायकलवरून त्याचे कॅन आणताना तिने पाहिले होते. वाटलं, म्हातारपणचा काहीतरी छंद असेल, कोणाला देत असतील. आज सकाळी मासे बघून ती टाकीकडे धावली, जिन्यावर मुंग्या दिसल्या, आणि एका क्षणात तिला सगळं कळलं.

"टाकी पहिल्यांदा सुरू केली ना, तेव्हा जिवाणू वाढावेत म्हणून थोडी साखर घातली होती. आबांनी ते बघितलं होतं. साखर मिळाली की लेकरं बाळसं धरतात, असं नेहमी म्हणायचे. पण तेव्हा टाकीत विष सोडलेलं नव्हतं, मॅडम! हा फरक त्यांना कोणी समजावलाच नाही. मीसुद्धा नाही. कशाला समजावेन? टाकीतलं मलाच त्यांनी शिकवलं."

"अगं, पण तू तुरुंगात जायला निघालीस!"

"मी तरुण आहे. सुटेन कधीतरी. त्यांना हे कळलं तर ते जगायचे नाहीत. तुम्ही बघितलं ना त्यांना?"

मावशीने पुष्कळ खोटे लोक पाहिले होते. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे, साहेबाला वाचवायला बोलणारे. पण एका म्हाताऱ्याला त्याची स्वतःचीच चूक कळू नये म्हणून कोठडीत जायला निघालेली ही पहिलीच. खरं सांगितलं तर म्हातारा जातो, नाही सांगितलं तर ही पोर जाते. आता करायचं तरी काय?

तेवढ्यात खिडकीबाहेर खडखडाट झाला. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. मागच्या फाटकातून आबा सायकल हातात धरून येत होते. कॅरियरला दोन कॅन बांधलेले होते. सायकल टाकीकडे वळली.

६

सूनबाई दार उघडून अशी धावली की तिची एक चप्पल व्हरांड्यातच राहिली. मावशी मागे. गडबड बघून मालक उठले, घाईसाहेब आले, तळ्यावरून राखणदारही आला. सगळे टाकीशी पोहोचले तेव्हा आबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. कॅनचं झाकण उघडलेलं होतं.

"आबा, नको!"

ती किंकाळी ऐकून आबा दचकले. मग सुनेला मोकळी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"सोडलं का तुला? बरं झालं, पोरी! अगं, आजारी आहेत ती, त्यांना शक्ती नको? आजाऱ्याला काहीतरी गोड, हलकं द्यावं लागतं. जरा जास्तच आणलंय आज."

मालकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कॅनमधून ओघळलेल्या पाकाचा घट्ट थेंब पायरीवरून खालच्या पायरीवर पडत होता.

आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. राखणदाराकडे पाहिलं. मग हातातल्या कॅनकडे. म्हातारा भोळा होता, पण मूर्ख नव्हता.

"मी?" ते म्हणाले.

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि सूनबाईने ती घेतलीसुद्धा. "नाही आबा, झडप बिघडली होती, माझ्याकडून..."

"मॅडम, तुम्ही सांगा," आबा म्हणाले. "ही खोटं बोलली की हिचे कान लाल होतात."

पाण्याबद्दल ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती, आणि खाली उभी असलेली पोर संध्याकाळी गाडीत बसणार होती.

"हो, आबा," ती म्हणाली. "साखर मिळाली म्हणून त्यांनी विष सोडून दिलं. तुमच्या हातून झालं. पण वाईट मनाने नाही झालं."

आबा पायरीवर बसले. कॅन त्यांनी अगदी जपून बाजूला ठेवला.

"जन्मभर विषच वाढलं हो त्यांना," ते कोणाला उद्देशून नव्हे, असं बोलू लागले. "रोज, सणावाराला, माझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. ती निमूट खायची. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, चार घास गोड घालावेत. तेवढंच वाटलं."

राखणदार पुढे झाला. सकाळी तो म्हणाला होता, ज्याने केलं त्याला याच तळ्यात बुडवीन. आता त्याने आबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना एकेक पायरी खाली उतरवलं.

पोलीस आले तेव्हा आबांनी स्वतःच सगळं सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा अंमलदाराचा विश्वास बसेना. त्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. हेतू नव्हता, चूक होती, असं तिने अहवालात लिहिलं आणि मालकांनाही त्यावर सही करायला लावली. मालकांनी सूनबाईची माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि आबांचा हात धरून ती घरी गेली.

टाकी उपाशी राहिली. आतली साखर संपली, हवा पुरेशी झाली, मग कारखान्याचं पाणी थोडं थोडं सोडलं, आणि काही दिवसांनी मावशीने बाहेर पडणाऱ्या पाण्याची बाटली हुंगली तेव्हा तिला कसलाच वास आला नाही.

परतताना ती सूनबाईच्या घरी गेली. आबा भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसले होते. त्या दिवसापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. सूनबाईने खुणेनेच मावशीला सांगितलं, बोलत नाहीत.

मावशी त्यांच्याशेजारी टेकली.

"जगली का?" आबांनीच विचारलं.

"जगली, आबा. छान आहेत."

"खातायत?"

"खातायत."

"काय?"

सूनबाई दारात उभी होती. तिने घाईघाईने मान हलवली, नको, सांगू नका. पण आबा आता मावशीकडे वळले होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते.

"विष," मावशी म्हणाली. "पहिल्यासारखंच."

आबांनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"पोटभर?" त्यांनी विचारलं.

"पोटभर, आबा."